नागपूर जिवंत आहे!

चहाचा कप आधी खाली ठेवा. नाही, खरंच ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो, तर आमच्या साडूच्या नाकातून चहा आला आणि नव्या सतरंजीवर डाग पडला. बोलणी कोणी खाल्ली? मी!

तर बापा, गाढवपणा कोणाच्या हातून होत नाही? तुमच्याही झाला असेल. पण तुमचा गाढवपणा फार तर घरात, गल्लीत, नाहीतर सासुरवाडीत फिरला असेल. माझा थेट नागपूरपर्यंत गेला. आणि कहर म्हणजे, तिथून परत आला!

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. भंडाऱ्यात मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होतो. एक दिवस आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आला. आला म्हणजे काय, वरात आली! पायरीवर नारळ फोडला, पडद्याला हळदकुंकू लावलं. चपराशी रामाजीनं तर उदबत्ती लावून त्या मशीनच्या फटीत खोचली होती. नागपूरहून मशीन बसवायला आलेले इंजिनिअर देशकर किंचाळले म्हणून वाचलं, नाहीतर पहिल्याच दिवशी अंत्यसंस्कार करावा लागला असता.

मशीनसाठी वेगळी खोली. खोलीला एसी! अख्ख्या कचेरीत साहेबांच्या डोक्यावर पंखा कुरकुरत होता आणि मशीनला मात्र एसी. चपला बाहेर काढायच्या, आवाज हळू करायचा. देवळातही आम्ही इतके शिस्तीत वागलो नव्हतो.

आता हे मशीन चालवायचं कोणी? साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. मोठे बाबू म्हणाले, "मले चाळिशी लागली." छोटे बाबू म्हणाले, "मले मळमळते." राहिलो मी. मला टायपिंग येत होतं आणि माझं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे कुठंही पाठवलं तरी रडायला घरी कोणी नाही. झालं, माझी रवानगी नागपूरला, ट्रेनिंगला.

ट्रेनिंगचे मास्तर असे भरधाव शिकवायचे की मी वहीचं पान उलटेपर्यंत ते पुढच्या धड्यावर. खरं सांगतो, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसली. हाक मारणं!

म्हणजे असं. तारेनं जोडलेल्या प्रत्येक मशीनला एक नंबर असतो, जसा टेलिफोनला असतो. तुम्हाला पाहायचं असेल की दूरचं मशीन चालू आहे का, आपली हाक तिथवर पोचते का, तर एक शब्द टाइप करायचा, पुढं त्या मशीनचा नंबर टाकायचा आणि बटण दाबायचं. ते मशीन ठाकठीक असलं की तिकडून ओ देतं. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटतात, 'अलाइव्ह'. म्हणजे जिवंत आहे!

मास्तरांनी आम्हाला एक नंबर दिला. म्हणाले, "हा टाका." टाकला. पडद्यावर लगेच, जिवंत! मास्तर म्हणाले, "पाहा, या नंबरवर आपलं हे नागपूरचं मशीन बोललं." पुढं ते आणखी काहीतरी बोलले, पण मी मान खाली घालून तो नंबर पाठ करत होतो. असा पाठ केला, असा पाठ केला, की आजही झोपेतून उठवून विचारा.

भंडाऱ्याला आलो तो राजासारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी कचेरी दारात जमली. मी चपला काढल्या, नमस्कार केला, खुर्चीवर बसलो, पाठ केलेला नंबर टाकला, बटण दाबलं. डोळ्यांची पापणी लवायच्या आत पडद्यावर उत्तर!

"साहेब," मी ओरडलो, "नागपूर जिवंत आहे!"

टाळ्या! साहेब साताऱ्याकडचे, मितभाषी माणूस. त्यांनीही माझ्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास. रोज सकाळी हे तपासत जा आणि मला सांगत जा."

रोज सकाळी मग तेच. मी आत बसून हाक मारायचो आणि बाहेर आरोळी द्यायचो, "नागपूर जिवंत आहे!" दाराजवळचा रामाजी तीच आरोळी साहेबांच्या खोलीपर्यंत पोचवायचा. त्यानंतर कामकाज सुरू. कीर्ती गावभर पसरली. भांड्यांच्या दुकानापुढून सायकलवर चाललो की दुकानदार पाण्याचा पितळी गुंड ठोकणं थांबवून विचारायचा, "का भाऊ, नागपूर कसं हाये आज?"

"जिवंत आहे," मी म्हणायचो. सायकल न थांबवता. थाट असतो ना माणसाचा!

आता त्या खोलीत आणखी एक वस्तू होती. मशीनच्या शेजारी एक चपटी पेटी. तिला लाल दिवे आणि टेलिफोनची तार. अधूनमधून ती अशी काही शिट्टी मारायची की दातात कळ यावी. देशकर जाताना बजावून गेले होते, "इस को हात नहीं लगाने का." का, ते सांगितलं होतं बहुतेक. पण मी तेव्हा ट्रेनिंग घेतलेलं नव्हतं, मग लक्ष कसं असणार?

इकडे एसीमुळं वेगळाच घोळ झाला. बाहेर मे महिना, भंडारा नुसतं भाजून निघत होतं. साहेब दुपारची फाइल घेऊन आमच्या खोलीत येऊन बसायला लागले. बसायचे आणि थोड्या वेळानं कुडकुडायचे. कुडकुडले की चहा लागायचा. एक दिवस ते घरून विजेची किटली घेऊन आले. "हिला कुठं लावू?"

खोलीत भिंतीवर पिन लावायच्या जागा होत्या मोजक्या. एकीत मशीन, एकीत पडदा, आणि एकीत ती शिट्टीवाली पेटी. सांगा, तुम्ही काय काढलं असतं?

मी पेटीची पिन काढली. शिट्टी बंद. किटली सुरू. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान. तरी मी जबाबदार माणूस, लगेच खुर्चीवर बसलो, हाक मारली. नागपूर जिवंत! पेटी बंद असतानासुद्धा जिवंत!

"साहेब," मी म्हणालो, "या पेटीची तर गरजच नाही. उगाच वीज खात होती."

"अस्सं?" साहेब चहा ओतत म्हणाले. "या नागपूरच्या इंजिनिअरांना अनुभव कमी."

आणि आम्ही दोघांनी त्या अनुभव नसलेल्या इंजिनिअरच्या नावानं एकेक कप चहा घेतला.

पुढं खरं काम सुरू झालं. दर आठवड्याला जिल्ह्यातल्या धानाचे आकडे मशीनमधून नागपूरला पाठवायचे होते. मी आकडे भरले, पाठवायचं बटण दाबलं. मशीननं मुकाट्यानं घेतले. मुकाट्यानं घेतले म्हणजे गेले, नाही का?

दोन दिवसांनी देशकरांचा फोन. "अरे भाऊ, आकडे काहून नाही पाठवले?"

"पाठवले ना जी!"

"आले नाही ना इथं."

"इथून तर गेले."

"मग काय वाटेतल्या पुलावरून नदीत पडले का?"

मी पुन्हा पाठवले. पुन्हा फोन. "नाही आले." पुन्हा पाठवले. "नाही आले!" आता माझाही पारा चढला. रोज सकाळी ज्याच्या नावानं मी आरोळी देतो, तो माणूस माझ्यावर आळ घेतो?

"देशकरसाहेब, मी रोज हाक मारून पाहतो. तुमचं मशीन ओ देते. एक दिवस खाडा नाही!"

"देते?" देशकर जरा नरमले. "पक्कं?"

"एका झटक्यात! पण ओ देते आणि आकडे गिळून टाकते. तुमच्या मशीनच्या पोटात बिघाड आहे."

पोटात बिघाड! माझं मलाच कौतुक वाटलं. ओ की ठो न कळणारा माणूस एकदम नाडीपरीक्षा करायला लागला.

बिचाऱ्या देशकरांनी मशीन उघडलं, पुसलं, पुन्हा जोडलं. आकडे आलेच नाहीत. त्यांनी तार खात्याला फोन केले, ते म्हणाले आमची लाइन चांगली आहे. शेवटी प्रकरण वर गेलं. नागपूरच्या मीटिंगमध्ये आमचे मितभाषी साहेब उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आमचा माणूस रोज सकाळी तपासणी करतो. दोष तुमच्या मशीनमध्ये आहे." मीटिंगमध्ये काय ठरलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "आपली बाजू भक्कम मांडली आहे."

आता इथं किस्स्यात गणपतजी शिरतात. अड्याळचे शेतकरी, धानाची मोठी शेती, उपवर मुलगी सुलोचना. माझ्या मामानं ही सोयरीक जुळवत आणली होती. मुलगी मी पाहिली होती आणि, तुमच्यापासून काय लपवायचं, तेव्हापासून सायकल चालवताना मला खड्डे दिसत नव्हते. पण गणपतजींचं मन होत नव्हतं. ते मामाला म्हणाले, "पोरगा मशीनवर बसते म्हन्ते, पन करते काय? एकडाव पाहून येतो."

आणि एका सकाळी अड्याळवरून येणाऱ्या पवनीच्या एसटीतून उतरून ते सरळ आमच्या कचेरीत. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, हातात छत्री, मागं माझा मामा. मी घाबरलो नाही. उलट म्हटलं, बरं झालं! घरी पाहुण्यांना पोहे खाऊ घालण्यापेक्षा हे बरं. इथं मी राजा आहे.

साहेबही खुशीत होते. स्वतः उठून आले. "या, या. दाखवा हो पाहुण्यांना आपलं मशीन."

सगळ्यांनी पायातलं बाहेर काढलं. गणपतजी गारव्यात शिरले आणि आधी छताकडं पाहत म्हणाले, "बाप्पा! इथं तं दही बी लागनार नाही."

मी खुर्चीवर बसलो. "मामाजी," मी म्हणालो. सोयरीक ठरायच्या आत, सासऱ्याला म्हणतात तसं, मामाजी! तोंडातून निघून गेलं. "मामाजी, आता मी इथून नागपूरच्या मशीनला हाक मारतो."

"इथूनच?"

"इथूनच."

बटण दाबलं. उत्तर आलं. मी इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून वाचून दाखवलं. "नागपूर जिवंत आहे!" बाहेरून रामाजीनं सवयीनं आरोळी ठोकली, "नागपूर जिवंत आहे!"

गणपतजींचे डोळे मोठे झाले. "इतक्या चटकन? माहा शेतावरचा सालदार चार बांध्यांपलीकडून हाक मारली तं अर्ध्या घंट्यानं ओ देते. अन् हे नागपूरवरून?"

"विजेचा वेग असतो जी," मी म्हणालो.

"अजून एकडाव मारा."

मारली. जिवंत! मामानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याच्या पोटचा.

"मंग त्याले विचारा ना," गणपतजी खुर्ची ओढून बसले, "तिकडं पानी आला का?"

"तेवढं नाही विचारता येत जी. फक्त जिवंत आहे का, एवढंच."

"काही हरकत नाही," ते म्हणाले. "मानूस बी मानसाले अजून काय विचारते?"

साहेब हसले, मामा हसला, मी हसलो. सोयरीक जुळली! मला तर सनईसुद्धा ऐकू यायला लागली. तेवढ्यात बाहेर जीप थांबल्याचा आवाज झाला. पायऱ्यांवर धापा, "संभाल के, संभाल के!" आणि दारातून आधी गोणपाटात गुंडाळलेलं एक मोठं धूड आत आलं. त्याला धरलेली दोन माणसं आणि मागून घामाघूम झालेले देशकर.

"कुठं ठेवू साहेब?"

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"नागपूर!" देशकर कपाळ पुसत म्हणाले. "मीटिंगमध्ये ठरलं ना? तुम्ही म्हणता आमच्या मशीनमध्ये फॉल्ट. मग म्हटलं चला, तुमच्या मशीनच्या बाजूलेच ठेवून पाहू. सकाळीच उपटून आणलं."

आता पाहा, माणसाची अक्कल कशी चालते. शहाणा माणूस तिथंच गप्प बसला असता. माझा हात मात्र बटणावर होता आणि गणपतजींना तिसऱ्यांदा दाखवायची मला हौस आली होती. मी दाबलं.

पडद्यावर आलं, जिवंत!

बाहेरून रामाजी, "नागपूर जिवंत आहे!"

साहेबांनी पडद्याकडं पाहिलं, मग गोणपाटाकडं पाहिलं. गोणपाटातून वायरी बाहेर लोंबत होत्या, कापलेल्या कोंबडीच्या पायांसारख्या. गणपतजी उठले. छत्रीच्या टोकानं त्यांनी त्या धुडाला हळूच डिवचलं.

"हे नागपूर हाये?"

"हो जी," देशकर म्हणाले.

"मंग ते कोन ओ देऊन राहिलं?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. आणि मी काय बोललो, माहीत आहे? देवाशपथ सांगतो, मी म्हणालो, "आत बॅटरी असेल!"

देशकर माझ्या खांद्यावरून वाकले. पडद्यावरचा नंबर त्यांनी पाहिला. पुन्हा पाहिला. मग ते खाली बसले. खुर्चीवर नाही, फरशीवर. आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, रामाजीनं पाणी आणून दिलं.

"अरे भाऊ," अखेर त्यांना बोलता आलं, "हा नंबर नागपूरचा नाही रे! हा नंबर म्हणजे 'मी'. ज्या मशीनवर बसून टाकशील, ते मशीन स्वतःलेच हाक मारते. नागपूरले बसून टाकला तर नागपूर ओ देईन, भंडाऱ्यात टाकला तर भंडारा. तू इतके दिवस सोताच विचारून राहिला, 'मी जिवंत हाओ का?' अन् सोताच सांगून राहिला, 'हो, हाओ!'"

मास्तर ट्रेनिंगमध्ये पुढं जे बोलले आणि मी ऐकलं नाही, ते हेच असणार!

"पण मग आकडे?" साहेबांचा आवाज बारीक झाला होता. "आकडे का जात नव्हते?"

देशकर उठले. मशीनच्या मागची तार धरून चालत चालत त्या चपट्या पेटीपर्यंत गेले. पेटीवर माझा डबा होता, डब्यावर साहेबांची साखरेची बरणी. पेटीची पिन जमिनीवर. आणि भिंतीत, पिनेच्या जागी, किटली. मस्त उकळत होती.

"साहेब," देशकर अगदी अदबीनं म्हणाले, "तार याच पेटीतून नागपूरले जाते. किटलीतून नाही जात."

साहेब लाल झाले, पांढरे झाले. "तुला देवरीच्या जंगलात पाठवतो!" असं माझ्याकडं बघत सुरू केलं, पण नजर किटलीवर गेली आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं. किटली त्यांचीच होती ना! ते पुढं झाले, किटलीची पिन काढली आणि कोणाकडं न पाहता खोलीबाहेर गेले. किटली हातातच.

देशकरांनी पेटी लावली. ती शिट्टी मारायला लागली. मला इतकी करुण शिट्टी आयुष्यात दुसरी ऐकू आली नाही.

गणपतजी बाहेर पडले. वऱ्हांड्यात वाकून जोडे घालायला लागले. मामानं माझ्याकडं पाहिलं, आता मी त्याच्या पोटचा सोडा, नात्यातलाही नव्हतो. सुलोचना डोळ्यांपुढून अड्याळच्या दिशेनं निघून चालली होती. मला राहवलं नाही. मी अनवाणी त्यांच्या मागं गेलो.

"मामाजी... म्हणजे, गणपतजी..."

त्यांनी मान वर केली. "खरं सांगा. तुमाले मालूम होतं का, हे खोटं हाये म्हनून?"

"नाही जी! आईची आण."

"इतके दिवस रोज हाक मारली. एकडाव बी मनात शंका नाही आली?"

"नाही जी."

"अन् ती पेटी बंद करून ठेवली, तरी नाही?"

मी मान हलवली. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. आठवडी बाजारात बैल पाहतात ना, तसं. मग छत्री काखेत धरली आणि मामाकडं वळले.

"सोयरीक पक्की समजा."

मामाच्या तोंडाचा आ झाला. "आता? हे सगळं पाहून?"

"पाहून म्हनूनच तं! कचेरीतला पोरगा म्हनून मले भेव लागे, लबाड असन तं माही पोरगी फसन. पन लबाडी कराले डोकं लागते. या पोराजवळ तशी काही सोयच नाही. पोरगी सुखात राहीन."

आणि मी? मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी तिथंच वऱ्हांड्यात त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणालो, "तुमचे लई उपकार झाले जी, तुम्ही माणूस बरोबर ओळखला!"

ते नेमकं काय बोलून गेले, ते माझ्या ध्यानात आलं पवनीची एसटी सुटून गेल्यावर.